केळं, पोहे आणि उपाशीपोटी जोर-बैठका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्यायामाआधी केळं खा, पोहे नकोत, या आमच्या सल्ल्यावर तुमचे आक्षेप दोन. उपाशीपोटी व्यायामाने चरबी जळते, मग आधी केळं कशाला? आणि खायचंच तर घरचे पोहे काय वाईट? जुने पैलवान काही न खाता तालमीत उतरायचे, हेही तुम्ही ऐकवलंत.

आधी चरबीचं. रिकाम्या पोटी चालताना किंवा सावकाश पळताना शरीर चरबी जास्त वापरतं, हे खरंच आहे. पण त्या तासात जास्त जळली, तर उरलेल्या दिवसात तेवढी कमी जळते. वजन उतरतं ते दिवसभराच्या हिशेबावर. म्हणून अर्धा-पाऊण तास चालायचं असेल तर पाणी पिऊन खुशाल निघा. रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो, स्नायूंतला मात्र बहुतेक शाबूत असतो. पैलवानांना पहाटे तोच पुरायचा, आणि तो आदल्या दिवशीच्या भरपेट जेवणातून आलेला असायचा. तास-दीड तासाचं पळणं किंवा जड स्क्वॉट (वजन घेऊन मारायच्या बैठका) असतील तर गोष्ट वेगळी. तिथे काहीच न खाता गेलं की काहींना मध्येच गरगरतं, हात-पाय गळतात.

आता पोहे. पोह्यांशी आमचं वैर नाही, भांडण आहे ते फोडणीशी. तेल, मूठभर शेंगदाणे, वरून खोबरं: स्निग्ध पदार्थ पोटातून पुढे सरकायला वेळ घेतात. साडेपाचला बशीभर कांदेपोहे खाऊन सहाला पळायला लागलात तर ते पोटातच असतात. मग करपट ढेकर, कुशीत कळ, बर्पी (खाली जोरासारखं जाऊन उडी मारत उठायचा व्यायाम) मारताना उलटीची भावना. दीड-दोन तास हाताशी असतील तर तेच पोहे उत्तम. पाऊण तासच असेल तर अर्धी वाटी पातळ पोहे दुधात किंवा ताकात भिजवून, चमचाभर गूळ घालून खा. दूध बाधत असेल तर ताकच बरं.

वीस-तीस मिनिटंच असतील तर मात्र केळंच. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या, त्यात पिठाची साखर झालेली असते. हिरवट केळ्याने पोट फुगतं. पळणाऱ्यांना अर्धंही पुरतं, कारण पळताना पोट हिंदकळतं. केळं नको असेल तर दोन-तीन साधे खजूर, वर पेलाभर पाणी. भिजवलेले बदाम पौष्टिक खरे, पण दहा बदामांत कर्बोदकं जेमतेम अडीच ग्रॅम. ते व्यायामानंतर खा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल तर वरचं 'खुशाल निघा' तुम्हाला लागू नाही. आधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर किमान १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त केळं, खाऊनच सुरुवात करा आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. औषधाच्या मात्रेचं डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.