नानांचा पंचनामा

संगणकातले मला सगळे कळते, असा समज आमच्या सोसायटीत कुणी पसरवला कोण जाणे. पण त्यापायी तळमजल्यावरच्या नानांचा ब्राउझर कोसळला की जिन्यात माझ्या नावाचा पुकारा होतो. ब्राउझर कोसळण्याचे मला काही वाटत नाही. माझी परीक्षा सुरू होते ती त्यानंतर उमटणाऱ्या चौकटीपाशी. 'काय झाले ते आम्हाला कळवाल का?' असे अदबीने विचारणारी ती चौकट नाना मी दारात पोहोचायच्या आत 'नको' म्हणून मिटवून टाकतात. "अरे, कशाला उगाच त्यांना त्रास!" नळाला पाणी उशिरा आले तर महापालिकेला तीन प्रतींत अर्ज धाडणाऱ्या माणसाला हा संकोच नेमका इथेच का सुचावा?

मी त्यांना सांगतो की, नाना, हा पंचनामा आहे. प्रोग्राम पडला त्या क्षणी कोणते फंक्शन (म्हणजे प्रोग्राममधला एखादे काम करणारा तुकडा) कुणाच्या सांगण्यावरून चालले होते, आवृत्ती कोणती होती, मेमरीत कोणकोणत्या फाइली भरलेल्या होत्या, हे सारे त्यात आपोआप टिपलेले असते. फायरफॉक्स या ब्राउझरच्या कर्त्यांकडे असे अहवाल पोहोचले की कोसळण्याच्या जागेवरून त्यांची 'सिग्नेचर', म्हणजे ओळखखूण, ठरते, एका सिग्नेचरचे अहवाल एका गठ्ठ्यात पडतात आणि ज्याचा गठ्ठा फुगतो त्याच्याकडे आधी लक्ष जाते. मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी तर २००२ साली ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात, एक टक्का दोषांमुळे निम्म्या चुका घडतात, असे अशाच अहवालांच्या आधारे चकित होऊन नमूद केले होते. तो एक टक्का कोणता, हे सगळ्यांनीच 'नको' म्हटले तर कळायचे कसे?

"आणि माझा पासवर्ड गेला म्हणजे?" ही शंका मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण अहवालासोबत मेमरीचा जो तुकडा जातो, त्यात आपले काहीबाही राहून जाऊ शकते. पानाचा पत्ता पाठवायचा की नाही, याची बरोबरची खूण चौकटीत वेगळी असते. बँकेचे पान उघडे असेल तर ती काढावी.

अखेर नाना राजी झाले आणि शेरा लिहिण्याच्या जागेत त्यांनी टंकले : "महोदय, आपला ब्राउझर वारंवार बंद पडतो. मी ज्येष्ठ नागरिक आहे. तरी तातडीने लक्ष घालावे, ही विनंती." त्यात ब्राउझर पडला तेव्हा नाना काय करत होते, एवढे सोडून सर्व काही होते.

"काय करत होतात?"

"काही नाही."

संगणक बिघडतो तेव्हा या देशात कुणीही काहीही करत नसते. बऱ्याच उलटतपासणीनंतर उघड झाले की, त्यांनी विजेचे बिल छापायला दिले होते आणि छपाईची खिडकी उघडत असतानाच मागचा टॅब बंद केला होता. मी त्यांना तेच पुन्हा करायला लावले. ब्राउझर पुन्हा पडला! हवा तेव्हा पाडून दाखवता येणारा दोष म्हणजे दुरुस्त करणाऱ्याचे निम्मे काम, माझ्या तोंडून "वा!" निघून गेले आणि नानांनी माझ्याकडे संशयाने पाहिले.

शेऱ्यात ते एक वाक्य लिहून अहवाल रवाना केला, तेव्हा नानांनी विचारले, "पोच?" मी अहवालाचा लांबलचक क्रमांक दाखवला. त्यांनी तो आकडे-अक्षरांसह वहीत उतरवून घेतला आणि ज्या खात्याचा जावक क्रमांकच एवढा मोठा, ते खाते काही पहिल्या पत्राला दाद देणार नाही, असे म्हणून स्मरणपत्राचा मसुदा करायला घेतला.