लांब पल्ला म्हणजे जड गाडी? ठाण्याहून निघून तर बघा

पावसाळा ओसरू लागला की ठाणे आणि नवी मुंबईच्या रायडर मंडळींच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय ठरलेला: "लांब पल्ल्याला टूरिंग बाइकच घ्या. स्पोर्ट-टूरर म्हणजे लोणावळ्यापर्यंतची मजा, पुढे कंबर आणि मनगटं जातात. गाडी जितकी जड तितकी हायवेला स्थिर. पाय पुढे, पाठ सरळ असेल तर दिवसभर दमणार नाही. शाफ्ट नसेल तर ती टूरिंग नव्हेच. टाकी आणि सामानाच्या बाबतीत तुलनाच नको. आणि बायकोला मागे बसवायचं असेल तर विषयच संपला." (टूरिंग बाइक म्हणजे लांब प्रवासासाठीची मोठी, आरामशीर बैठकीची गाडी. स्पोर्ट-टूरर म्हणजे त्याच कामाची, पण जरा पुढे झुकून चालवायची चपळ गाडी. शाफ्ट म्हणजे चेनऐवजी मागच्या चाकाला ताकद पोचवणारा दांडा.) सोबत बहुतेक वेळा होंडाच्या भल्यामोठ्या गोल्ड विंगचा फोटो. खाली अंगठ्यांची रांग आणि "एकदम बरोबर, दादा".

शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे, त्याकडे येतोच. पण या मजकुरात गाडीबद्दल सगळं आहे आणि रस्त्याबद्दल काहीच नाही.

भल्यामोठ्या टूरिंग गाड्या घडल्या त्या शेकडो किलोमीटर सरळ जाणाऱ्या, मध्ये सिग्नल नसलेल्या रस्त्यांसाठी. एकदा टॉप गिअर पडला की तासन्‌तास एकच वेग. असे रस्ते आपल्याकडे आता झालेत, अगदी दाराशी झालेत. फक्त ते आपल्यासाठी नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. अटल सेतूवर बंदी. भिवंडीजवळच्या आमण्यापासून थेट नागपूरला जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी, त्यावरही बंदी. म्हणजे ज्या रस्त्यावर जड टूरर खरी खुलते, नेमका तोच रस्ता तिच्या मालकाला लांबूनच बघायचा.

मग उरतं काय? नाशिककडे जायचं तर माजिवडा, खारेगाव, पडघा, शहापूर करत ट्रकांच्या रांगेतून कसारा घाट. पुण्याकडे कळंबोली, पनवेल, खोपोली आणि शिंगरोबाच्या देवळावरून जुना बोर घाट. कोकणात उतरायचं तर वडखळ, माणगाव, महाड. पोलादपूरला डावीकडे वळलात तर आंबेनळी चढून महाबळेश्वर. कल्याण-मुरबाडवरून माळशेज, माणगावहून ताम्हिणी. सगळीकडे गाव, गतिरोधक, वळण, पुन्हा गाव. वेगाचं म्हणाल, तर केंद्राच्या 2018च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही मोटारसायकलची कमाल मर्यादा ताशी 80 किलोमीटर. आता मजकुरातला एकेक दावा या रस्त्यांवर आणून बघू.

"लोणावळ्यापर्यंतची मजा." फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं आवरण, दिसलं की गाडी रेसची, अशी समजूत यामागे आहे. खरी रेसच्या धाटणीची सुपरस्पोर्ट वेगळी: खाली बसवलेलं क्लिप-ऑन हँडल, पेग (पाय ठेवायचे खुंट) उंच आणि मागे ओढलेले, सीट नावापुरती. तिच्यावर मनगटं खोपोलीलाच बोलायला लागतात, मान्य. स्पोर्ट-टूररचं हँडल उचललेलं असतं, पेग खाली असतात, वायझर (पुढची वारा अडवणारी काच) वर-खाली करता येतो, पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) लावायची सोय असते. कावासाकी निंजा 1000 एसएक्स हे आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण. खिशाला परवडणाऱ्या गटात बजाज डोमिनार 400 आहे. कंपनी स्वतःच तिला स्पोर्ट्स टूरर म्हणते आणि 2021पासून उंच वायझर, हँडगार्ड, कॅरिअर, मागच्या माणसाला पाठीचा टेकू हे सगळं कारखान्यातूनच लावून देते.

हा प्रकार जन्मला तोच लांब पल्ल्यासाठी. 1976 साली बीएमडब्ल्यूने आर 100 आरएस काढली. तिचं फेअरिंग पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या चाचणीच्या बोगद्यात) घडवलं होतं, आणि उद्देश शर्यत जिंकण्याचा नव्हता. वेगात बराच वेळ बसलं तरी वारा चालवणाऱ्याला झोडपू नये, एवढाच होता. उलट फोटोतल्या गोल्ड विंगची गंमत बघा. 1975च्या मॉडेलला ना फेअरिंग होतं, ना डिकी. दोन्ही कंपनीकडूनच लावलेली मिळायला 1980 उजाडलं.

"जितकी जड तितकी स्थिर." हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने म्हटलं जातं की कुणी तपासायलाच जात नाही. सरळ रेषेतली स्थिरता मुख्यतः येते व्हीलबेसमधून, म्हणजे दोन चाकांमधल्या अंतरातून, आणि पुढचं चाक धरणारा फोर्क किती तिरका आहे यातून. गोल्ड विंगचा व्हीलबेस 1695 मिलिमीटर, निंजा 1000 एसएक्सचा 1440. लांब गाडी सरळ छान धावते आणि वळायला तेवढाच वेळ घेते. आंबेनळीत एकामागून एक वळणं येतात तेव्हा यातलं काय हवं, ते ज्याने त्याने ठरवावं. शिवाय पाय पुढे टाकून बसायच्या गाड्यांचे पेग किंवा फूटबोर्ड खाली असतात. गाडी झुकवायला जरा मोकळं सोडलं की ते डांबराला घासतात.

वजनाचा फायदा अजिबात नाही असंही नाही. जूनमध्ये वाशीच्या खाडीपुलावर आडवा वारा येतो तेव्हा जड गाडी कमी सरकते. पण त्याच गाडीला रुंद फेअरिंग, दोन्ही बाजूंना डिक्या आणि वर टॉप बॉक्स असला, तर वाऱ्याला ढकलायला जागाही भरपूर मिळते. फायद्यातला बराच भाग तिथेच परत जातो.

आणि आकडे तरी मजकुराच्या बाजूने आहेत का? रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑर 650, जिला मजकूरवाले बिनशर्त टूरिंग म्हणतील, ती 241 किलोची आहे. हजार सीसीची निंजा एसएक्स तिच्यापेक्षा थोडी हलकीच भरते. गोल्ड विंग टूर 390 किलोच्या आसपास. निंजा आणि तिच्यात दोन धडधाकट माणसांच्या वजनाचा फरक आहे. वेगात हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो गाडी उभी राहिली की. घोडबंदर रोडच्या टॉवरमधला तळघराचा रॅम्प, धाब्यापुढची सैल खडी, घाटात चुकीच्या फाट्याला वळल्यावर उतारावर मारायचा यू-टर्न. होंडाने त्या गाडीला रिव्हर्स उगीच नाही दिलेला. एकट्याने निघालात आणि गाडी कडेच्या मातीत आडवी झाली, तर ती उभी करायला कोण येणार, हा प्रश्न घेण्याआधी विचारायचा असतो.

"पाय पुढे, पाठ सरळ, दिवसभर दमणार नाही." शोरूममध्ये पाच मिनिटं बसलं की हे पटतंच. पण त्या बैठकीत अंगाचा जवळजवळ सगळा भार माकडहाडावर येतो. पाय पुढे असल्याने खड्डा समोर दिसत असूनही पेगवर जोर देऊन बूड उचलता येत नाही. हँडलला लटकून उचलावं लागतं, म्हणजे पुन्हा खांद्यांवर ताण. दणका थेट मणक्यात. त्यात अशा गाड्या बुटक्या ठेवायच्या म्हणून मागच्या सस्पेन्शनला खेळायला जागाही कमी मिळते. सुपर मीटिऑरला मागे 101 मिलिमीटर आहे, निंजा एसएक्सला 144. कागदावर चार बोटांचाही फरक नाही, पण कोकणातल्या जोडरस्त्यांवर दिवस काढल्यावर तो कमरेला कळतो. पाय अंगाखाली आणि गुडघे जरा वाकलेले असले की गतिरोधकावर उठायचं, पुन्हा बसायचं, हे न ठरवता होत राहतं. दिवसभराच्या राइडमध्ये बसण्याची ढब बदलता येणं हाच मोठा आराम आहे. एकाच पोझमध्ये अडकवणारी गादी कितीही जाड असली तरी तिसऱ्या तासाला टोचायला लागते.

आता स्पोर्ट-टूररवाल्यांचाही एक दावा मोडायला हवा, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. ते म्हणतात, पुढे झुकलेल्या छातीला वारा आधार देतो, म्हणून मनगटावर भार येतच नाही. वेगात हे बरोबर आहे. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 120ला जितका असतो त्याच्या निम्म्याहूनही कमी तो 80ला असतो. आपल्या रस्त्यांवर, आपल्या वेगमर्यादेत, तो आधार अर्धाच मिळतो. बाकीचा भार गुडघ्यांनी टाकी दाबून आणि पोटाच्या स्नायूंनी पेलायचा असतो, आणि ती सवय लागायला वेळ जातो. मानेचा किंवा मनगटाचा जुना त्रास असेल तर सरळ बैठकीची गाडी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. उंचीचंही तसंच. पाच फूट चार इंचाच्या माणसाला सुपर मीटिऑरची 740 मिलिमीटरची सीट जो दिलासा देते, तो निंजा एसएक्सच्या 835च्या सीटवर बसून मिळणार नाही.

"मग सरळ खराब रस्त्यांसाठीची उंच ॲडव्हेंचर बाइक का नको?" असं कुणीतरी विचारणारच. विचारा, योग्य प्रश्न आहे. रॉयल एनफिल्ड हिमालयन 450चा 230 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, बघितला की या दोन्ही प्रकारच्या गाड्या गतिरोधकापुढे ओशाळतात. पण तो तिसरा पक्ष आहे आणि तिची सीट 825पासून सुरू होते.

"शाफ्ट नसेल तर टूरिंग नव्हे." हा सगळ्यात कच्चा मुद्दा. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांना शाफ्ट नसतो, बेल्ट असतो. सुपर मीटिऑर, मीटिऑर 350, दोन्हींना चेन. या व्याख्येने तो मजकूर पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांच्या स्वतःच्या गाड्याच यादीतून बाद होतात! शाफ्टला रोजची देखभाल नाही, हे खरं. पावसात तर तो वरदानच. पण त्याचं वजन असतं, आणि बिघडलाच तर काम कंपनीच्या वर्कशॉपलाच होतं. चेनला साधारण दर 500 किलोमीटरला ल्यूब (वंगण) लागतं, पावसात मुक्कामाला पोचल्यावर रोज. मेन स्टँड नसेल तर गाडी थोडी थोडी पुढे ढकलत मारावं लागतं, कंटाळवाणं आहे. पण सैल झालेली चेन चिपळूण-कणकवलीतला कुठलाही मेकॅनिक ताणून देतो. आपण स्वतःही देऊ शकतो.

टाकीवर वेळ घालवायची गरज नाही. गोल्ड विंग 21 लिटर, निंजा एसएक्स 19, सुपर मीटिऑर 15.7, डोमिनार 13. यात प्रकाराचा संबंध दिसतो का कुणाला? कमी लिटर असतील तर पंप एकदा जास्त येईल, आणि तेवढ्यात चहा होतो.

सामानात मात्र मोठी टूरर सरळ जिंकते. गोल्ड विंग टूरच्या डिक्यांमध्ये मिळून 121 लिटर जागा आहे, कुलूप लागतं, पाणी शिरत नाही. प्रश्न एवढाच की तीन-चार दिवसांच्या राइडला तेवढं नेतं कोण. दोन पॅनियर किंवा मागच्या सीटवर घट्ट बांधलेली एक वॉटरप्रूफ बॅग एकट्याला पुरते. जड वस्तू खाली आणि पुढे, कपडे वर आणि मागे. हे चुकलं तर कुठल्याही गाडीचं पुढचं चाक हलकं पडतं. रुंद डिक्या घेऊन शिळफाट्याच्या गर्दीत शिरणं हा अनुभव ज्याचा त्याने घ्यावा.

किमतीचं मजकुरात काहीच नाही, पण 22 सप्टेंबर 2025पासून 350 सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर जीएसटी 40 टक्के आहे आणि 350पर्यंत 18. "लांब जायचंय म्हणून मोठी" असं म्हणताना हा हिशेबही मांडावा लागतो.

राहिला मागचा माणूस. ("बायकोला मागे बसवायचं" या वाक्यावर ग्रुपमधल्या स्वतःची गाडी चालवत येणाऱ्या ताया काय म्हणाल्या असतील, ते सोडून देऊ.) इथे मी मजकुराशी भांडणार नाही. स्पोर्ट-टूररची मागची सीट उंच आणि अरुंद असते, गुडघे जास्त दुमडतात, पाठीला टेकू बहुधा नसतो, आणि घाट उतरताना प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस चालवणाऱ्याच्या पाठीवर येऊन आदळतो. मग दोघांचाही भार चालवणाऱ्याच्या मनगटांवर. जोडीने फिरायचं हे जर दर वेळचंच असेल, तर टूरिंगची रुंद सीट आणि पाठीचा टेकू याला पर्याय नाही. वर्षातून एखाद्या वेळी असेल, तर त्या एका राइडसाठी बाकी वर्षभर तेवढं वजन सांभाळायचं का, एवढं घरात बसून बोलून घ्यावं.

आणि टेस्ट राइड पाम बीच रोडवर घेऊ नका. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. शोरूमवाल्याला सांगा, पळस्पे फाट्यावरून पेणच्या दिशेने निदान तासभर चालवू दे. मागे नेहमी जो माणूस बसणार आहे त्यालाच घेऊन जा, आपण पुढे आणि सेल्समन मागे असं नको. परत आल्यावर इंजिन बंद करून गाडी चढावर मागे ढकलून बघा. एवढा वेळ देत नसतील, तर ग्रुपमधल्या कुणाची तरी एका रविवारी मागून घ्या. पेट्रोल आपण भरायचं.