भाड्याचं घर आणि ताईची सात मांजरं

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकराच दिवसांत तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडून बाकीची कुत्री होती तिथेच परत सोडा. आदेश दिल्लीचा होता, पण ठाण्यातल्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उभे दोन तट पडले. मी जर्मनीत, न्यूरेनबर्गला राहतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मलाच साक्षीला ओढलं. तिकडे रस्त्यावर एक तरी कुत्रं दिसतं का, सांग यांना! तिकडे प्राण्यांवर किती प्रेम करतात, सांग यांना!

कुत्री दिसत नाहीत, हे खरं. पण मांजरं आहेत, आणि देशभरात लाखोंनी आहेत. शेतांच्या कडेला, जुन्या कारखान्यांच्या आवारात, लोकांच्या सहसा नजरेस न पडता जगतात. त्यातली बहुतेक कधी ना कधी कुणाच्या तरी घरातून सुटलेल्या, नसबंदी न केलेल्या मांजरांचीच पिलावळ. म्हणून पाडरबोर्न नावाच्या शहराने 2008 मध्ये नियम केला: मांजर बाहेर सोडायचं असेल तर आधी नसबंदी करा आणि चिप बसवा. पुढे अनेक गावांनी तो उचलला. म्हणजे रस्त्यावरच्या मांजरांचा प्रश्न त्यांनी घराच्या दारापाशी धरला.

आपल्याकडे वाद घालताना हे दारच सुटतं, असं मला ठामपणे वाटतं. आपण भांडतो ते खायला कुणी घालायचं, कुठे घालायचं, यावर. नवी मुंबईतल्या एका मोठ्या संकुलात कुत्र्यांना खायला घातलं म्हणून रहिवाशांना लाखांच्या घरात दंड लावला गेला, ते प्रकरण सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण ज्याला प्राणी घरात, स्वतःच्या खर्चाने, नीट सांभाळायचा आहे त्याला घर मिळतं का, हे कुणी विचारत नाही.

मी विचारतोय, कारण माझ्या ताईला ते मिळत नव्हतं. ठाण्यात पाचपाखाडीतली तिची चार मजली इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर भाडं देतो, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे देतो, नवी जागा मोठी मिळणार, सगळे खूश. ताईकडे सात मांजरं आणि एक म्हातारा ससा. एजंट फोनवर आधी जेवणाचं विचारायचा, मग जातीचा अंदाज घ्यायचा आणि शेवटी पेट्स आहेत का, ते. ‘आहेत’ म्हटलं की, “मग कठीण आहे मॅडम.” सात म्हटलं की फोन बंद. चरई झालं, वर्तकनगर झालं, पार घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत जाऊन आली. एका घरमालकाने तर सरळ सांगितलं, “दोन ठेवा, बाकीची सोडून द्या ना कुठेतरी, मांजरंच तर आहेत.”

हे ‘सोडून द्या’ म्हणजे काय, ते ताईच्या घरातली एक सकाळ पाहिली असती तर त्याच्या तोंडून ते निघालं नसतं. चेंदणी कोळीवाड्यातून येणारी मावशी तिच्यासाठी माशांची डोकी बाजूला ठेवते. ती सकाळी सहाला कुकरला लावायची. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, तो मांजरांना बाधतो. मग शिजलेल्यातला एकेक काटा बोटांनी चाचपून काढायचा आणि भातात कालवायचं. चिंगीला मूत्रपिंडाचा त्रास, तिचं पथ्याचं खाणं वेगळं आणि तिची ताटली बाथरूममध्ये दार लावून, नाहीतर सोन्या हडपतो. तिला गोळी द्यायची तर टॉवेलमध्ये गुंडाळून, जबडा बाजूने उघडून, गोळी जिभेच्या मुळाशी टाकून, गळा चोळत बसायचं. मांजरं जितकी त्यापेक्षा शी-शूचा एक ट्रे जास्त, असं डॉक्टर सांगतात. तिच्या घरात आठ मावत नाहीत, म्हणून पाच ठेवते आणि दिवसातून तीनदा उपसते. सातही मांजरांची ऑपरेशनं झालीत, लसी वेळेवर होतात. घरमालक ज्या वासाला घाबरतो, तो बहुतेक वेळा नसबंदी न केलेल्या बोक्याच्या मुताच्या फवाऱ्याचा असतो. ताईच्या घरात तो वास नाही. पण ते बघायला कुणी घरी यायलाच तयार नव्हतं.

जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना टाळताच आला नाही. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च 2013 मध्ये निकाल दिला की छापील भाडेकरारात कुत्री-मांजरं सरसकट बंद करणारं कलम चालणार नाही. नकार द्यायला घरमालक मोकळा आहे, पण प्राणी कोणता, किती, घर केवढं, शेजाऱ्यांना काय त्रास होईल, हे त्या-त्या घरापुरतं तपासून. ससा, गिनीपिग, मासे यांच्यासाठी तर विचारावंही लागत नाही. माझ्या घरमालकीणबाईंनी माझ्या मांजराबद्दल तीनच गोष्टी विचारल्या: ऑपरेशन झालंय का, बाल्कनीला जाळी कशी लावणार, सुट्टीत सांभाळणार कोण. उत्तरं करारात लिहिली, दोघांनी सह्या केल्या.

म्हणून तिकडचं सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. 2022 च्या नोव्हेंबरात पशुवैद्यांचे दर वाढले, तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांना एक मांजर पोसणंही जड जातं. निवारे भरलेले आहेत. आणि लहान घरात सात मांजरं असल्याची तक्रार कुणी केली तर सरकारी पशुवैद्य दारात उभा राहील. ते मला योग्यही वाटतं; झेपतील त्यापेक्षा जास्त प्राणी कोंडून ठेवणं हा छळच आहे. पण ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मांजरांचं खाणं केलं, वॉचमनकाकांनी ट्रे उपसले, आणि खालच्या मुलांनी सशाला कोथिंबिरीच्या काड्या पुरवल्या. न्यूरेनबर्गला शेजाऱ्याकडे असं काही मागायची माझी हिंमत होणार नाही. मी दिवसाचे पैसे मोजून मांजर ठेवून येतो. जो शेजार आपल्याकडे आयता आहे, तो तिकडे कायद्याने उभा करता आलेला नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. 1960 च्या कायद्यात प्राणी वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. पण हे सगळं मालकीच्या घरात बसून वाचायचं. भाडेकरूच्या हाती अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो, आणि पुढच्या अकरा महिन्यांच्या आशेवर तो कुणाशी भांडत नाही. तो मांजर सोडतो.

घरमालकाची भीती मी खोटी मानत नाही. दारं ओरबाडली जातात, शेजाऱ्याला दमा असू शकतो, कमिटी त्यालाच पत्र पाठवते. पण त्यासाठीच तर डिपॉझिट असतं. नसबंदीचा आणि लसींचा कागद मागा, खिडक्यांना जाळी सक्तीची करा, नुकसान डिपॉझिटमधून कापा, किती प्राणी चालतील तेही लिहा. ताईने यातल्या प्रत्येक अटीवर सही केली असती. शेवटी कळव्याला एका निवृत्त शिक्षकांनी तिला जागा दिली, आधी घरी येऊन, चहा घेऊन, ट्रे स्वतः बघून.

घरातल्या मांजरांची अशी सोय झाली. आवारातल्या मांजरांची कोण करणार? नौपाडा-पाचपाखाडीत एकेका गल्लीत तीन-तीन इमारती पाडायला काढल्यात. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. पत्रे ठोकले, हातोडे सुरू झाले तरी ते जिन्याखालीच दबा धरून बसतं, आणि पिल्लं असली तर हलतच नाही. त्यांना नुसतं उचलून येऊरच्या जंगलाच्या रस्त्याला सोडणं म्हणजे कुत्र्यांच्या आणि बिबट्याच्या तोंडी देणं. नव्या जागी दोन-तीन आठवडे बंदिस्त ठेवून, तिथेच खायला घालून, मग दार उघडलं तर ती टिकतात. त्यासाठी इमारत रिकामी व्हायच्या दोन-तीन महिने आधी पकडणं, नसबंदी करणं, जागा ठरवणं सुरू करावं लागतं. विकास करारनाम्यात पार्किंगपासून टाइल्सच्या कंपनीपर्यंत सगळं लिहून घेणाऱ्या सोसायट्यांनी हा खर्चही बिल्डरकडून लिहून घ्यावा. रक्कम कॉर्पसपुढे काहीच नाही. ताईच्या गल्लीतल्या पुढच्या इमारतीची सर्वसाधारण सभा येत्या महिन्यात आहे, आणि हा विषय पत्रिकेवर घ्यावा म्हणून तिने सेक्रेटरींना अर्ज दिला आहे.