भारी इंजेक्शन आणि बेसिनजवळचा टॉवेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा राग आला. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली आणि त्यातलं निम्मं पटलं. म्हणून ‘धन्यवाद’ म्हणून उरकत नाही, सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: दवाखान्यात जडणाऱ्या आणि अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवरचा माझा मागचा लेख वाचून या दादांच्या वडिलांनी हर्नियाचं ऑपरेशनच नको म्हणून हट्ट धरलाय. दादांचं म्हणणं असं की मी हॉस्पिटलांची बदनामी करते. जंतू नातेवाइकांच्या गर्दीतून येतात, चकचकीत हॉस्पिटलात कुठून येणार? शिवाय डॉक्टर आधी हलकी औषधं देत बसतात म्हणून केस बिघडते, पहिल्याच दिवशी भारी इंजेक्शन ठोकलं तर जंतू उरतीलच कशाला? आणि शेवटी, ‘लॅबमध्ये बाटल्या धुणाऱ्यांनी’ डॉक्टरकी शिकवू नये.

शेवटचा मुद्दा लवकर संपतो. मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर बावीस वर्षं काढली, त्यातली पहिली दोन वर्षं खरंच बाटल्या धुतल्या. मी डॉक्टर नाही आणि कुणाला औषध सांगत नाही. पण जो कल्चर रिपोर्ट (जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते सांगणारा) बघून डॉक्टर औषध ठरवतात तो आमच्या हातून जातो, तेवढ्यापुरतं बोलते.

‘दवाखाना की जंतूंचा कारखाना’ हे शीर्षक मात्र चुकलंच. लोकांनी लेख उघडावा म्हणून दिलं होतं. त्याची किंमत तुमच्या वडिलांनी मोजू नये. शीर्षक बदललंय.

आता चकचकीतपणाचं. काही वर्षांपूर्वी एका आयसीयूत आठवडाभरात तीन पेशंटना क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, कोणती औषधं चालतात आणि कोणती नाहीत ही यादीही तिघांच्या रिपोर्टवर सारखीच. आम्ही स्वॅब (कापसाच्या काडीनं पुसून नमुना) घेत फिरलो. फरशी, पलंगाचे कठडे, मॉनिटरची बटणं, एसीची जाळी. फरशी दिवसातून तीनदा पुसली जायची, चपला दाराबाहेर, फिनेलचा वास जिन्यापर्यंत. फरशीवर विशेष काही सापडलं नाही. बेसिनशेजारी खिळ्याला आपला सोलापुरी टॉवेल लटकत होता, चौकटीचा, निळ्या काठाचा. राउंडला आलेला प्रत्येकजण साबणानं हात धुवायचा आणि त्याच टॉवेलला पुसायचा. दहा वाजेपर्यंत तो पिळला तर पाणी गळेल इतका ओला व्हायचा. त्याच्या स्वॅबमधले जंतू ज्या प्लेटवर वाढवले ती दुसऱ्या दिवशी उघडली तर गुलाबी, बुळबुळीत, लूपनं (बारीक कडीनं) उचलली की पाकासारखी तार सुटणारी जंतूंची वसाहत. तोच क्लेबसिएला. पेशंटकडून टॉवेलात आला की टॉवेलातून पेशंटकडे गेला, ते प्लेट सांगत नाही. पण हात धुतलेला माणूस जंतू घेऊनच पुढच्या पलंगाकडे जात होता, एवढं नक्की. टॉवेल गेला, कागदी रुमाल आले, प्रत्येक पलंगाला हात चोळायच्या अल्कोहोलची बाटली टांगली. आपल्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या हिशोबानं ही बाटली वरदानच. वीस-तीस सेकंद चोळायचं, पाणीही नको आणि टॉवेलही नको. (हात दिसण्याइतके मळलेले असतील किंवा पेशंटला सी. डिफिसिल नावाच्या जंतूचे जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच. त्या जंतूच्या बीजाणूंना (टणक कवचातल्या रूपाला) अल्कोहोलनं काही होत नाही.)

ही अक्कल नवी नाही. व्हिएन्नात 1847 साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि वॉर्डातले मृत्यू झपाट्यानं खाली आले. तिथल्या बड्या डॉक्टरांनाही ती बदनामीच वाटली होती. आपल्याकडे 2010 मध्ये तसंच झालं. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका पेशंटमध्ये 2008 साली सापडलेल्या, जंतूंनी बनवलेल्या एका एन्झाइमला (औषध फोडणाऱ्या प्रथिनाला) ‘न्यू डेल्ही’ नाव मिळालं, एनडीएम-1. त्या नावावरून केवढा गहजब उडाला! एन्झाइमला नावाशी काही देणंघेणं नव्हतं, ते मेरोपेनेमसारखी भारी अँटिबायोटिक औषधं फोडत राहिलं.

नातेवाइकांच्या गर्दीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, इंडीहून आलेली माणसं, एका पेशंटमागं सहा. पलंगावर बसतात, शेजारच्या पेशंटचं सलाईन बंद करतात, मग आपल्या माणसाला भाकरी कुस्करून भरवतात. जंतू असे फिरतात. पण गर्दी नसली तरी पेशंट आपल्या आतड्यातले जंतू बरोबर घेऊनच येतो, आणि धडधाकट माणसाच्या पोटातही काही औषधांना न जुमानणारे जंतू असतात. एरवी ते हजारांत एक, गप पडून असतात. त्यांना मोकळं रान कोण करून देतं, इथं तुमचं भारी इंजेक्शन येतं.

माझ्या सासूबाईंचं सांगते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झकास झालं. इन्फेक्शन कसलंच नव्हतं. अशा ऑपरेशनला चीर देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिकचा डोस देतात आणि बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत औषध थांबवतात. त्यांना सात दिवस चाललं, तेही मोठं, ‘सेफ साइडला’. लघवीची नळी नऊ दिवस राहिली, कारण काढायची कुणाला आठवण झाली नाही. मीही विचारलं नाही, आणि या धंद्यात असून विचारलं नाही हे अजून टोचतं. नळी आत असली की दर दिवशी लघवीत जंतू शिरायची शक्यता 3 ते 7 टक्के धरतात. दहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. लघवीचं सॅम्पल माझ्याच टेबलावर आलं.

ती प्लेट बशीएवढी असते, फिक्या पिवळट रंगाची. त्यावर जंतू सारवल्यासारखे पसरायचे, वर औषधांच्या कागदी टिकल्या मांडायच्या आणि रात्रभर 35 अंशांत ठेवायचं. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो. सकाळी झाकण काढलं तर गोलच नाहीत. मेरोपेनेमच्या टिकलीला खेटून जंतू उगवलेले. रिपोर्टवर ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे हे औषध लागू नाही), ‘आर’, ‘आर’ लिहीत गेले. शेवटी कॉलिस्टिन द्यावं लागलं. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून एके काळी बाजूला पडलेलं जुनं औषध ते. सासूबाई वाचल्या, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालत नसेल तर रक्तात वाढतं ते) चढलं ते पुन्हा पूर्ण उतरलं नाही.

म्हणजे दादा, त्यांना भारी इंजेक्शन पहिल्याच दिवशी मिळालं होतं. ज्वारीच्या रानात तणनाशक मारल्यावर जे तण मरत नाही त्याला सगळं रान मोकळं मिळतं, तसं झालं.

एका ठिकाणी मात्र तुम्ही बरोबर आहात आणि मागच्या लेखात मी ते लिहायला हवं होतं. इन्फेक्शननं बीपी कोसळतंय, पेशंट बरळतोय, तिथं रिपोर्टची वाट बघायची नसते. तासाभरात मोठं अँटिबायोटिक सुरू झालंच पाहिजे. फक्त शक्य असेल तर पहिल्या डोसआधी रक्ताचं कल्चर काढून घ्यायचं. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट आला की, साध्या औषधानं भागत असेल तर त्यावर उतरायचं. हे उतरणंच बऱ्याचदा राहून जातं. त्याला डॉक्टर एकटे जबाबदार नसतात. ‘डॉक्टर, चांगलं भारी द्या की ओ, पैशाचं बघू नका’ हे वाक्य मी आयसीयूच्या दारात इतक्यांदा ऐकलंय की कुणी म्हणालं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

वडिलांना ॲडमिट करा. हर्निया अडकला तर रात्री-अपरात्री इमर्जन्सीत टेबलावर घ्यावं लागेल, ते यापेक्षा वाईट. त्यांना शुगर असेल तर आधी आटोक्यात आणा. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका. बारीक चिरांत जंतू बसतात, गरज असेल तर तिथं क्लिपरनं काढतील. लघवीची नळी घातलीच तर ‘कधी काढणार?’ हे त्याच दिवशी विचारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. ड्रेसिंगला आलेल्या माणसाला ‘सिस्टर, हाताला जरा ते लावता का?’ असं म्हणायला लाजू नका. सिस्टर रागावल्या तर माझं नाव सांगा. सोबतीला एकच माणूस ठेवा, आणि टॉवेल घरून न्या, फक्त वडिलांपुरता.