धुनांच्या वादात हरवलेला बँडमास्तर

दरवर्षी जानेवारी संपत आला की भारतातून येणाऱ्या बातम्यांत आणि आप्तेष्टांशी होणाऱ्या बोलण्यात एक विषय ठरल्यासारखा निघतो : प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमांची सांगता म्हणून २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’ या लष्करी बँडांच्या सोहळ्यात यंदा कोणत्या धुना वाजणार आणि कोणत्या गाळल्या जाणार. महात्मा गांधींना प्रिय असलेले ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती प्रार्थनागीत २०२० मध्ये वगळले जाणार अशी बातमी आली, विरोध झाला आणि ते त्या वर्षी राहिले; २०२२ मध्ये मात्र ते गेले आणि त्याच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आले. २०२३ मध्ये तर सोहळ्यासाठी २९ धुना जाहीर झाल्या, त्या सगळ्या भारतीय आणि रागदारीवर आधारलेल्या. एका बाजूला वसाहतीच्या खुणा पुसल्याचे समाधान आणि दुसऱ्या बाजूला सत्तर वर्षांची रीत मोडल्याची हळहळ, असा हा वाद दरवेळी होतो. अमेरिकेच्या राजधानीच्या परिसरात अनेक वर्षे राहून, आणि इथल्या लष्करी बँडांचे कार्यक्रम आवडीने ऐकत आल्यामुळे, मला या वादात एक उणीव सतत जाणवते. धून कोणती यावर सगळे बोलतात, पण ती बसवणाऱ्या, बँड घडवणाऱ्या आणि पुढे उभे राहून त्याला वाजते करणाऱ्या माणसाविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

रागदारीवरील धुनांचा तो कार्यक्रम फ्लाइट लेफ्टनंट लेमापोकपम रूपचंद्र सिंह या हवाई दलाच्या अधिकाऱ्याने प्रमुख कंडक्टर म्हणून पार पाडला. त्यांच्या हाताखाली भूदलाचा बँड सुभेदार मेजर दिग्गर सिंह यांनी, नौदलाचा एम. अँथनी राज यांनी आणि हवाई दलाचा वॉरंट ऑफिसर अशोक कुमार यांनी सांभाळला. त्याच्या आदल्या वर्षी ही जबाबदारी नौदलाचे कमांडर विजय चार्ल्स डिक्रूझ यांच्याकडे होती आणि पुढच्या वर्षी भूदलाचे लेफ्टनंट कर्नल विमल जोशी यांच्याकडे. ही नावे गुप्त नाहीत. सरकारी पत्रकात ती दरवर्षी छापलेली असतात, पण अगदी शेवटच्या परिच्छेदात. बातमीदार तिथपर्यंत पोचेतो त्याचा मजकूर बहुधा पुरा झालेला असतो.

त्या २९ धुना बसवताना या माणसांनी नेमके काय केले असेल, याचा विचार केला म्हणजे धुनांचा वाद किती वरवरचा आहे ते लक्षात येते. राग ही चाल नव्हे. स्वर कसा लावायचा, कुठून घसरत कुठे यायचे, कोणत्या स्वरावर थांबायचे, हे त्यात ठरलेले असते. ट्रम्पेट किंवा कॉर्नेट हे वाद्य मात्र तीन व्हॉल्व्हच्या साह्याने अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या पायऱ्या चढते-उतरते आणि त्यावर खरी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, जवळजवळ अशक्य असते. ट्रॉम्बोनची नळी सरकते म्हणून त्याला ते साधते, क्लॅरिनेटवर ओठांच्या दाबाने स्वर थोडा वाकवता येतो, पण रांगेतल्या सगळ्या क्लॅरिनेटवादकांनी तो एकाच क्षणी एकसारखाच वाकवायचा म्हणजे महिनोन् महिन्यांची तालीम आली. दुसरी अडचण स्वरसंगतीची. बँडला भरीव नाद येतो तो अनेक स्वर एकत्र वाजल्यामुळे, आणि पंचमावर उभी केलेली सर्वांत साधी संगती पंचम, निषाद आणि ऋषभ यांची असते. भूप रागात निषाद वर्ज्य आहे. तो मागच्या ओळीतल्या हॉर्नने वाजवला तरी जाणत्या श्रोत्याचा कान दुखावतो. न वाजवावा तर बँड पोकळ वाटतो. आणि ट्यूबाला नुसता षड्ज धरून बसवले तर तानपुऱ्याचा भास होतो खरा, पण मिनिटाला सुमारे १२० पावले टाकणाऱ्या संचलनाचा जोर त्याने मंदावतो. यातून वाट काढायला रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदरचना या दोन्ही गोष्टी मुरलेला माणूस लागतो, आणि तो एखाद्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमातून निघत नाही. सोहळा पूर्ण भारतीय व्हावा असे मनापासून वाटणाऱ्यांनी तर सर्वांत आधी बँडच्या अधिकाऱ्याची कारकीर्द कशी घडते, याची चौकशी करायला हवी होती.

लष्करी बँडला स्वतःचा शिकलेला आणि शिस्तीतला नेता हवा, हे ज्या सैन्यांकडून आपण ही प्रथा घेतली त्यांनाही सुखासुखी कळलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश पलटणींचे बँडमास्तर पुष्कळदा पगारी नागरिक, त्यातही युरोपातले परदेशी असत, आणि क्रिमियाच्या युद्धावर जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांतल्या अनेकांनी नोकरी सोडली. १८५४ मध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारी येथे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाच्या संचलनात जमलेल्या बँडांनी एकच राष्ट्रगीत एकाच वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवले आणि मित्रराष्ट्रांच्या अधिकाऱ्यांसमोर फजिती झाली, असे सांगतात. त्यानंतर ड्यूक ऑफ केंब्रिज यांच्या पुढाकाराने लंडनजवळच्या नेलर हॉलमध्ये लष्करी संगीताची शाळा सुरू झाली, ती १८५७ मध्ये. आपल्याकडे ते वर्ष निराळ्याच कारणाने लक्षात राहिले आहे. अमेरिकेला हाच धडा साठ वर्षांनी मिळाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना तिथल्या अमेरिकी फौजेचे प्रमुख जनरल पर्शिंग यांना आपले बँड मित्रराष्ट्रांच्या बँडांपुढे फिके वाटले. त्यांनी वॉल्टर डॅमरॉश या नामवंत संगीतकाराला बँडमास्तरांची परीक्षा घ्यायला बोलावले, १९१८ मध्ये शोमाँ येथे त्यांच्यासाठी शाळा काढली आणि बँडमास्तरांना अधिकारीपदे मिळण्याची वाट मोकळी केली. तोवर परिस्थिती अशी होती की, १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे अमेरिकी मरीन बँडचे नेतृत्व करून जगभर कीर्ती मिळवलेल्या जॉन फिलिप सूझा यांनाही त्या काळात अधिकाऱ्याचा हुद्दा नव्हता. त्यांनी नोकरी सोडून स्वतःचा बँड काढला. अधिकाऱ्याचा गणवेश त्यांच्या अंगावर चढला तो १९१७ मध्ये, नौदलात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

भारताने मात्र या बाबतीत उशीर केला नाही, हे नोंदवायला हवे. स्वातंत्र्यानंतर तीनच वर्षांत, १९५० मध्ये, जनरल करिअप्पा यांच्या प्रोत्साहनाने पचमढीला लष्करी संगीताचा विभाग सुरू झाला आणि आजही भूदलाचे बँडमास्तर तिथेच तयार होतात. नौदलाच्या संगीताचे केंद्र मुंबईत, कुलाब्याच्या ‘आयएनएस कुंजाली’वर आहे. शाळा आहेत, परंपरा आहे आणि गुणही आहेत. उणीव राहिली आहे ती त्या शाळेतून निघालेल्या माणसाचा पुढचा प्रवास लोकांना दिसण्याची.

इथे अमेरिकेत तो प्रवास कसा दिसतो ते सांगतो. मरीन बँडची स्थापना १७९८ ची. त्यात प्रवेशासाठी होणाऱ्या चाचणीच्या पहिल्या फेऱ्यांत वादक पडद्याआड बसून वाजवतो, म्हणजे परीक्षकांना त्याचे नाव, वर्ण किंवा तो पुरुष आहे की स्त्री, यांतले काहीच कळत नाही. निवड झालेल्याला मरीन दलाच्या सुप्रसिद्ध खडतर प्राथमिक प्रशिक्षणातून सूट मिळते. बँडचे संचालक बहुधा याच वादकांतून वर आलेले असतात : २००४ ते २०१४ या काळातले मायकेल कोलबर्न युफोनियम हे पितळी फुंकवाद्य वाजवीत, तर त्यांच्यानंतर आलेले जेसन फेटिग १९९७ मध्ये क्लॅरिनेटवादक म्हणून दाखल झाले, २००२ मध्ये सहायक संचालक झाले आणि पुढे कर्नल या हुद्द्याने २०२३ पर्यंत बँड सांभाळून निवृत्त झाले. संचालक बदलतो तेव्हा सूझा यांची बॅटन, म्हणजे संचालनाची छडी, जुन्याच्या हातून नव्याच्या हाती समारंभपूर्वक दिली जाते आणि वर्तमानपत्रे त्याची दखल घेतात. उन्हाळ्यात कॅपिटल या संसदभवनाच्या पायऱ्यांवर होणाऱ्या मोफत कार्यक्रमाला जाणाऱ्या सामान्य श्रोत्यालाही संचालक कोण, तो कोणते वाद्य वाजवीत आला आणि त्याच्या आधी कोण होते, हे ठाऊक असू शकते.

यात हुद्द्याचा मुद्दा फारसा नाही. कमांडर आणि लेफ्टनंट कर्नल हे समकक्ष हुद्दे आहेत आणि कर्नल त्यांच्या फक्त एक पायरी वर. ‘आमच्या बँडवाल्यांना बढती मिळत नाही’ असे सरधोपट रडगाणे गाण्यात म्हणूनच अर्थ नाही. बँडच्या अधिकाऱ्याची खरी पंचाईत निराळी असते. इतर पथकांत अधिकाऱ्याचा अधिकार हुद्द्यातून येतो आणि त्याच्या निर्णयाची पारख क्वचितच जागच्या जागी होते. बँडमध्ये मात्र समोर बसलेला ओबोवादक आपल्या वाद्यात अधिकाऱ्यापेक्षा हटकून सरस असतो, आणि अधिकाऱ्याने एका तालमीत चुकीचा स्वर कानाआड होऊ दिला की तो सगळ्यांच्या लक्षात येतो. ‘सावधान’ म्हणून वादक ताठ उभा राहील. पण मुखडा सुरेल येण्यासाठी त्याला अधिकाऱ्याच्या कानावर विश्वास असावा लागतो. त्यातून अधिकारी जसा वर चढतो तसा वाद्यांची खरेदी, माणसांच्या बदल्या, प्रवासाची मंजुरी आणि अहवाल यांत गुरफटत जातो. ही अडचण पचमढीत आणि वॉशिंग्टनमध्ये सारखीच आहे, आणि सुभेदार मेजर मैदानात व अधिकारी टेबलाशी ही विभागणी तिच्यावरचा उपाय आहे की तिचाच परिणाम, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या अनुभवाने द्यावे. मला ती परिणाम वाटते.

परदेशातले सगळेच सोन्याचे आहे असे भासवण्याचा माझा हेतू नाही. इथेही लष्करी बँडांवर दरवर्षी होणारा खर्च संसदेत अनेकांच्या डोळ्यांत खुपतो; २०१५ या वर्षासाठी तो ४३ कोटी ७० लाख डॉलर असल्याचा आकडा चर्चेत होता, आणि २०१७ मध्ये सरकारी लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेने लष्कराला सुनावले की, बँडांमुळे नेमके काय साधते हे मोजण्याची धड पद्धतच तुमच्याकडे नाही. एवढा खर्च करूनही दिवंगत सैनिकाच्या दफनविधीत बिगूल वाजवायला पुरेसे वादक मिळत नाहीत, म्हणून २००३ पासून आत ध्वनिमुद्रण बसवलेला बिगूल वापरण्याची मुभा देण्यात आली. तो ओठांना लावून धरायचा आणि बटण दाबायचे! कॅपिटलसमोर उत्कृष्ट वाद्यवृंद वाजतो आणि लहान गावातल्या वृद्ध सैनिकाच्या थडग्यापाशी यंत्र वाजते, ही विषमता मला तरी अनुकरणीय वाटत नाही.

उलट भारतीय व्यवस्थेतल्या एका गोष्टीचे महत्त्व मला इथे येऊन अधिक पटले. आपल्या पलटणींच्या बँडमधले जवान युद्धकाळात जखमींना उचलून आणण्याचे आणि प्रथमोपचाराचे काम करतात. त्यामुळे पलटणीत त्यांच्याकडे नुसते समारंभाचे वादक म्हणून पाहिले जात नाही. इथल्या हवाई दलाच्या बँडचे १९६४ ते १९८५ या दीर्घ काळातले प्रमुख कर्नल आर्नल्ड गॅब्रिएल हे तरुणपणी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मशीनगन चालवून आलेले होते. पहिल्या महायुद्धात न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कृष्णवर्णीय पलटणीचा बँड गाजवणारे जेम्स रीस युरोप हेही मशीनगन तुकडीचे लेफ्टनंट होते. अशा अधिकाऱ्याच्या शब्दाला सैनिकांत जे वजन येते, ते प्राथमिक प्रशिक्षणातून सूट मिळालेल्या निष्णात वादकाला कमवावे लागते. सूट देण्याची अमेरिकी पद्धत भारताने उचलावी असे म्हणूनच मी सुचवणार नाही.

भारताने उचलावी अशी गोष्ट म्हणजे काळाविषयीची उदारता. अग्निपथ योजनेखाली आता नौदल आणि हवाई दल वादकांचीही भरती करतात : चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम होण्याची संधी. मरीन बँडमधला पहिला करारही चारच वर्षांचा असतो, पण तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे मुख्यतः वादकाच्या इच्छेवर असते, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक वादक वीस किंवा त्याहून जास्त वर्षे राहतात. अग्निपथ योजनेच्या इतर बाजूंवर दूर बसून मत देण्याचा मला अधिकार नाही. बँडपुरते मात्र स्पष्ट दिसते की, चार वर्षांत वादक रांगेत चालत वाजवायला आणि शंभरेक धुना पाठ करायला शिकतो. रचना बांधणे, दुसऱ्याची चूक कानाने पकडणे, तालमीत माणसे सांभाळणे ही बँडमास्तराची अंगे त्यानंतर फुटतात. चौघांतल्या तिघांना त्याआधीच निरोप द्यायचा असेल, तर उद्याचा बँडमास्तर त्या तिघांमध्येच होता की काय, हे निवड करणाऱ्यालाही कळणार नाही. वादकांच्या बाबतीत हे प्रमाण शिथिल करणे फारसे खर्चिक नाही, कारण ही संख्या मुळातच थोडी आहे. त्याबरोबर प्रत्येक धुनेच्या रचनाकाराचे नाव त्या धुनेशेजारीच छापावे, आणि संगीताची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ही वाट महाविद्यालयात असतानाच दाखवावी, एवढे दोन बदल तर कोणत्याही धोरणाला धक्का न लावता येत्या जानेवारीपर्यंत होऊ शकतील.