परदेशातून : माइक कोणाच्या हातात, पगार कोणाच्या खिशातून

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून भाचीने मला दोन मिनिटांची ध्वनिफीत पाठवली. शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून, फोन तोंडाशी धरून तिने पाटाकडील तालीम आणि दिलबहार या स्थानिक संघांच्या फुटबॉल सामन्याचे धावते वर्णन केले होते. पहिले अर्धे मिनिट ती फार घाईने बोलते. मग मागून कोणीतरी ‘अगं, हळू सांग की, आम्ही पण ऐकतोय’ असे म्हणते, आणि तिथून तिचा आवाज स्थिरावतो. चेंडू कोणी पुढे काढला, डावीकडे कोण मोकळा होता, बचावफळी कुठे उघडी पडली, हे ती मैदान डोळ्यांपुढे उभे राहील असे सांगते. तिला क्रीडा पत्रकार व्हायचे आहे आणि पुढे दूरचित्रवाणीवर सामन्यांचे कार्यक्रम सादर करायचे आहेत. माझ्या भावाचे, म्हणजे तिच्या वडिलांचे म्हणणे असे की, टीव्हीवर खेळ सादर करायला बाईला चेहरा आणि कपडे लागतात, पत्रकारिता लागत नाही. मग त्या अभ्यासक्रमात दोन वर्षे कशाला घालवायची?

भावाला दोष देता येत नाही, कारण आपल्याकडची चर्चा वर्षानुवर्षे याच अंगाने झाली आहे. 2003 च्या क्रिकेट विश्वचषकात अभिनेत्री मंदिरा बेदी सामन्यांच्या कार्यक्रमात आल्या तेव्हा त्यांनी काय विचारले यापेक्षा त्यांनी काय नेसले याची चर्चा जास्त झाली. 2016 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या सामन्यात स्टुअर्ट बिन्नीच्या एका षटकात 32 धावा निघाल्या आणि टोमणे त्याच्या पत्नीला, मयंती लँगर यांना खावे लागले. त्या स्वतः अनुभवी निवेदिका आहेत, याचा कोणालाही विचार करावासा वाटला नाही. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकल्यावर तरी ही चर्चा बदलेल असे मला वाटले होते. घरच्या गटावर मात्र अजूनही प्रश्न तोच आहे : बाई शोभेल का?

मी 2005 पासून इंग्लंडमधल्या लीड्सला राहते, आणि या प्रश्नावर विचार करताना मला नेहमी फुटबॉल समालोचक जॅकी ओटली आठवतात. त्यांनी याच शहरातल्या विद्यापीठात जर्मन भाषा शिकली. पुढे त्या वेगळ्याच क्षेत्रात नोकरी करत होत्या आणि हौसेने फुटबॉल खेळत होत्या. गुडघ्याची वाटी निखळली आणि खेळणे संपले. खेळाजवळ राहायचे तर त्याविषयी बोलायचे, असे त्यांनी ठरवले; रुग्णालयाच्या रेडिओवर आणि खालच्या श्रेणीतल्या सामन्यांवर हात बसवला, नोकरी सोडून शेफिल्डला प्रसारण पत्रकारितेचा अभ्यासक्रम केला आणि बीबीसीच्या लीड्स केंद्रावर काम मिळवले. तिथून त्या राष्ट्रीय रेडिओवर गेल्या, आणि 21 एप्रिल 2007 रोजी ‘मॅच ऑफ द डे’ या बीबीसीवर 1964 पासून चाललेल्या, फुटबॉल सामन्यांची क्षणचित्रे दाखवणाऱ्या कार्यक्रमात समालोचन करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. सामना फुलम विरुद्ध ब्लॅकबर्न, लंडनच्या क्रेव्हन कॉटेज मैदानावर.

तो आठवडा मला स्वच्छ आठवतो. सामना व्हायच्या आधीच वर्तमानपत्रांत बाजू पडल्या होत्या. फुटबॉलमधली जुनी मंडळी उघडपणे विरोधात बोलत होती. आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने, ओटलींचे एक वाक्यही ऐकण्याआधी, ‘बाईचा आवाज गोलाच्या वेळी कानाला टोचतो’ असे मला चहाच्या टेबलाशी सांगितले. त्या वाक्यात मला माझ्या भावाचाच सूर ऐकू आला होता, फक्त भाषा वेगळी होती. शनिवारी रात्री मी तो कार्यक्रम मुद्दाम लावला. त्या सामन्याच्या वाट्याला काही मिनिटेच आली, आणि त्यांत ओटलींनी खेळाडूंची नावे, जागा आणि चाली बिनचूक सांगितल्या.

म्हणून ‘तिकडे सगळे पुढारलेले’ असे जेव्हा घरून म्हटले जाते, तेव्हा मला ते पटत नाही. 2011 च्या जानेवारीत स्काय वाहिनीच्या दोन नामवंत चेहऱ्यांनी, रिचर्ड कीज आणि अँडी ग्रे यांनी, शियान मॅसी या महिला सहायक पंचाविषयी हीन शेरे मारले. माइक बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. ग्रे यांना काढले गेले आणि कीज यांनी राजीनामा दिला. पुरुषांच्या विश्वचषकातल्या सामन्याचे ब्रिटिश दूरचित्रवाणीवर थेट समालोचन करणारी पहिली महिला, व्हिकी स्पार्क्स, 2018 मध्ये आली. म्हणजे ओटलींच्या त्या शनिवारनंतर 11 वर्षांनी. बदल इथेही रेटून आणावा लागला.

तरीही एक फरक आहे, आणि मला भावाला तोच सांगायचा आहे. ओटलींच्या पाठीशी शिडी होती. छोट्या गावचा सामना, शंभर-दोनशे प्रेक्षक, पाऊस, हातात वही, आणि शेजारी चुका दाखवणारा संपादक. अशा कामातून माणूस पत्रकार होतो आणि मग त्याला वा तिला मोठ्या सामन्यात कर्णधारापुढे माइक धरताना अवघड प्रश्न सुचतो. आपल्याकडे या पायऱ्या फार कमी आहेत. बहुतेक निवेदक एकतर माजी खेळाडू असतात किंवा थेट चाचणीतून निवडलेले चेहरे असतात, आणि मग चेहऱ्यावर चर्चा होते याचे नवल वाटू नये.

दुसरा प्रश्न पगाराचा. हर्षा भोगले खेळाडू नव्हते. एकोणिसाव्या वर्षी आकाशवाणीपासून सुरुवात करून ते घडले. 2016 च्या आयपीएलच्या तोंडावर त्यांना समालोचकांच्या संघातून वगळले गेले, आणि कारण जाहीर झाले नाही. 2020 च्या मार्चमध्ये संजय मांजरेकर यांना बीसीसीआयच्या यादीतून काढले गेले, आणि पुढे त्यांनी मंडळाला पत्र लिहून पुन्हा घेण्याची विनंती केली, नियम पाळण्याची तयारीही दाखवली. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटले. मांजरेकरांची मते कोणाला आवडोत वा न आवडोत. ज्या संस्थेच्या कारभारावर बोलायचे तिनेच करार द्यायचा आणि तिनेच काढून घ्यायचा, अशा व्यवस्थेत निवेदकाने निवडीवर, वेळापत्रकावर, खेळपट्टीवर मोकळेपणाने बोलावे अशी अपेक्षा आपण कशी करतो?

यावर माझे मित्र, तिकडेही तेच होते असे म्हणत, ‘मॅच ऑफ द डे’चा तेव्हाचा निवेदक आणि माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकरचे उदाहरण देतात. 2023 च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारच्या आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांविषयीच्या धोरणावर त्याने समाजमाध्यमावर टीका केली आणि बीबीसीने त्याला बाजूला केले, हे खरे आहे. माझ्या मते बीबीसी तेव्हा चुकली. पण त्याला थांबवणारी त्याची नोकरी देणारी वाहिनी होती, फुटबॉलची संघटना नव्हती. शिवाय सहकाऱ्यांनी त्याच्यावाचून काम करायला नकार दिला आणि त्या शनिवारी ‘मॅच ऑफ द डे’ निवेदकाविना, समालोचनाविना, जेमतेम 20 मिनिटांचा दाखवावा लागला. काही दिवसांतच त्याला परत घेतले गेले. भोगले किंवा मांजरेकर यांच्यासाठी एकाही सहकाऱ्याने माइक खाली ठेवला नाही. 2017 पासून बीबीसीला आपल्या मोठ्या मानधनांचे आकडे जाहीर करावे लागतात, कारण पैसा आम्ही टीव्हीसाठी भरतो त्या परवाना शुल्काचा असतो. त्या पहिल्याच यादीने पुरुष आणि महिला निवेदकांच्या पगारातली दरी उघडी केली. आपल्या मंडळाचे समालोचकांशी झालेले करारही असेच लोकांपुढे यायला हवेत, असे माझे ठाम मत आहे.

इथली शिडीही आता झिजते आहे, आणि तेही भाचीला सांगणे माझे कर्तव्य आहे. बीबीसीने स्थानिक रेडिओ केंद्रांचे कार्यक्रम कमी करून शेजारच्या केंद्रांत वाटून टाकले. 2023 मध्ये तिथल्या पत्रकारांनी त्याविरुद्ध संप केला. ओटलींना मिळाली तशी वाट पुढच्या मुलीला लीड्समध्ये मिळेलच असे नाही. त्यामुळे ‘आत्या, मी तिकडेच शिकायला येऊ का?’ या तिच्या प्रश्नाला मी अजून हो म्हटलेले नाही.

कोल्हापुरात मात्र तिच्या दाराशी एक मैदान आहे. तालमींचे संघ आहेत, पेठापेठांतली ईर्षा आहे, सामन्याला हजारोंनी येणारे आणि खेळ समजणारे प्रेक्षक आहेत. मी भावाला फोन करून सांगितले की, अभ्यासक्रमाचे पुढे पाहू. आधी तिला या हंगामातले वीस सामने बसून सांगू दे, प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना एकेक प्रश्न विचारू दे, आणि हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला तो आधी विचारू दे. चांगल्या ध्वनिमुद्रकाचे पैसे मी पाठवते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘स्टेडियमवर सोडायला-आणायला मी जाईन.’ रविवारी तिची दुसरी ध्वनिफीत आली. या वेळी ती सुरुवातीपासून सावकाश बोलते आहे.