दोन स्टड आणि नाना

टायरच्या दुकानातली ती हवेवर चालणारी, नट आवळायची गन मोठी आत्मविश्वासू असते. नट आट्यांवर सरळ चढलाय की तिरका, असल्या क्षुल्लक चौकशा ती करत नाही. घर्रर्र करते आणि मोकळी होते. हाताने लावताना नट तिरका गेला तर दुसऱ्या फेऱ्यातच अडतो आणि माणूस थांबतो. गनला मनगट नसतं, त्यामुळे तिला शंकाही येत नाही.

अशाच एका गनने माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे दोन स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात ते आटेदार दांडे, मारले. चाक खोलायची वेळ आली तेव्हा एक नट सुटला, पण जाताना स्टडवरचे आटे सोलून घेऊन गेला. नटाच्या पोटात पोलादाची बारीक, चकचकीत, कुरळी तार निघाली. दुसरा नट अर्ध्यावर येऊन रुतला तो रुतलाच.

"पाचातले तीन आहेत ना धड? मग झालं तर," ही घरातली पहिली प्रतिक्रिया. लोकांना वाटतं, चाक स्टडवर लटकवलेलं असतं, खुंटीवर टोपी लटकवावी तसं. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड अगदी केसभर ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर, म्हणजे चाकामागच्या फिरत्या तबकडीवर, गच्च दाबलं जातं. भार पेलतं ते या दाबामुळे झालेलं घर्षण. दोन स्टड गेले की तो दाब एका बाजूने कमी होतो आणि उरलेल्या तिघांवर जादा हमाली येते. हे सगळं मी घरी समजावून सांगितलं. त्यावर "मग गॅरेजला द्या ना" एवढंच उत्तर आलं. गॅरेजवाला म्हणाला, "ठेवून जा." या दोन शब्दांत किती दिवस मावतात याचा मला अनुभव असल्यामुळे मी पाना हातात घेतला.

पाना हातात घेतला की नाना येतात. नाना वरच्या मजल्यावर राहतात. बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना झोपेतही ऐकू येतो. स्वतः ते कशालाही हात लावत नाहीत, पण देखरेख कडक.

रुतलेल्या नटापासून सुरुवात केली. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच हे उरकावं लागतं, नाहीतर नटाऐवजी चाकच फिरतं. पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून त्यावर मी सगळा भार टाकला. स्टड किंचाळला आणि फट्‌कन तुटला. मोडल्याबद्दल कुणी रागावणार नाही अशी वस्तू आयुष्यात फार क्वचित वाट्याला येते. तो स्टड असाही बदलायचाच होता. नाना मात्र "तुटला बघ!" असं म्हणाले, जणू मी तो जपून घरी नेणार होतो.

पुढे जॅक, जॅकखालोखाल जॅक स्टँड (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीजवळ डोकं नेऊ नये), मागच्या चाकांना दगड, आणि चाक बाहेर. आता स्टड डोळ्यांसमोर होते. पण स्टड मागून घातलेला असतो, निघतोही मागेच. त्याच्या वाटेत ब्रेकची डिस्क, डिस्कच्या वाटेत तिला चिमटीत धरणारा ब्रेकचा कॅलिपर. म्हणजे बिघडलंय बोटाएवढं, आणि त्यासाठी धडधाकट असलेलं सगळं खोलायचं.

कॅलिपरचे दोन बोल्ट सुटले तेव्हा लक्षात आलं की तो टांगायला तार काढून ठेवलेली नाही. कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो; त्या नळीवर आपले ब्रेक चालतात. चिरंजीवांना हाक मारली आणि कॅलिपर त्यांच्या हातात दिला. तार शोधून परत आलो तर चिरंजीव एका हाताने कॅलिपर धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर गेम खेळत होते. तक्रार नव्हती. गेममध्ये ते जिंकतही होते.

डिस्क गंजून हबला चिकटली होती. "हाण," नाना म्हणाले. पण पुष्कळ डिस्कवर आट्यांची दोन छोटी भोकं असतात, ती शोभेची नसतात. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट घालून आलटून पालटून थोडे थोडे पिळत गेलं की डिस्क मुकाट्याने सुटून येते. तशी ती आली. नानांचा चेहरा पडला.

स्टडच्या मानेवर बारीक दाते असतात, ते हबच्या भोकात घट्ट बसलेले असतात. म्हणून तर नट पिळताना स्टड जागचा फिरत नाही. तो काढायला दाब हवा. "आता तरी हाण!" नाना. इथे मी हातोडा घेतला. पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्यालाही नाही. तसं पाहिलं तर हबमागच्या बेअरिंगला हातोडा मानवत नाही, स्क्रूने दाब देणारा पुलर लावलेला बरा, असं मी पुटपुटलो.

"पुलर? आहे की माझ्याकडे."

"मग मघापासून हाण, हाण काय चाललंय?"

"तू पुलर मागितलास कुठे?"

पुलरने स्टड कट्ट आवाज करून सुटला, मागे सरकला, आणि मागच्या पत्र्याला अडून बसला. बाहेर यायला जागाच नाही. हब हळूहळू फिरवत नेला तर एका ठिकाणी, एकाच, मागे थोडी खाच होती. तिथे स्टड तिरका करून अलगद बाहेर आला. काही गाड्यांत ही खाचही नसते, पुरता हब उतरवावा लागतो. माझ्या गाडीच्या कारखान्यात कुणीतरी एक भला माणूस कामाला असावा.

नव्या स्टडची खरेदी आधीच झाली होती. तिथेही एक गंमत असते: 12 मिलिमीटर जाडीचा स्टड 1.5 मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा मिळतो आणि 1.25 च्याही. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्यावर चढवायला गेलात तर पुन्हा आटे गेले.

बसवायचं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत सुखाचं. स्टड मागून भोकात घालायचा, पुढून चार-पाच वायसर ग्रीस लावून चढवायचे, जुना नट उलटा, सपाट बाजू आत करून लावायचा आणि पाना ओढत राहायचं. दाते भोकात शिरताना हाताला एक जड, एकसारखा विरोध जाणवतो. मग एकदम पाना थबकतो. मागे बॅटरी मारून पाहिलं, स्टडचं डोकं हबला टेकलेलं, कागदही सरकणार नाही. दुसराही असाच बसला. नाना तेलाचा डबा घेऊन तयार होते. आट्यांना तेल लावलं तर तेवढ्याच जोरात नट जास्त ओढला जातो आणि स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो, हे सांगून तो डबा परत पाठवला.

मग सगळं उलट्या क्रमाने जागेवर. नट एकाआड एक, टॉर्क पान्याने (नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना), गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे 110 न्यूटन-मीटर.

पण एवढ्याने सुटका होत नाही. नवे स्टड 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात. म्हणून रविवारी सगळ्यांना घेऊन फिरायला निघालो. एका वळणावर, खाली दरी दिसत होती तिथे, गाडी बाजूला घेतली. सगळे खुशीत उतरले, मोबाइल काढून फोटोच्या तयारीला लागले. मी डिकीतून टॉर्क पाना काढला आणि डाव्या चाकापाशी उकिडवा बसलो.

"अहो, फोटोत या ना!"

"तीन राहिलेत," मी म्हटलं.

"तसाच बसा मग. नानांना पाठवते, ते विचारत होते."

फोटो गेला. मी चौथ्या नटावर होतो तेव्हा नानांचं उत्तर आलं: पाना फार आखूड धरलाय.